बाइक ट्रायल्सची सुरुवात: पहिल्या तोलापासून पहिल्या सेक्शनपर्यंत

दगड, ओंडके, पायऱ्या, लाकडी पेट्या असे अडथळे जमिनीला पाय न टेकवता सायकलवरूनच पार करणे, हा बाइक ट्रायल्सचा खेळ आहे. यात वेळेची मर्यादा असते, पण शर्यत नसते. कसोटी लागते ती तोलाची, ब्रेकवरच्या ताब्याची आणि पुढची हालचाल आधीच ठरवण्याच्या सवयीची. बहुतेक नवशिके एखाद्या निष्णात स्वाराला मागच्या चाकावर टुणटुण उड्या मारत उंच दगडावर चढताना पाहून या खेळाकडे ओढले जातात आणि पहिल्याच दिवशी नेमकी तीच उडी मारायला जातात. या लेखातला क्रम त्याच्या उलट आहे. ट्रायल्समधली जवळजवळ प्रत्येक उडी उभ्या सायकलवरून सुरू होते आणि उभ्या सायकलवरच संपते, म्हणून आधी थांबायला शिकावे, मग ब्रेक लावायला आणि सोडायला, आणि त्यानंतर उडी मारायला. असे शिकणाऱ्याला पहिले काही आठवडे आपण फारसे काहीच करत नाही असे वाटते. तरीही हे आठवडे गाळू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

या खेळाचे मूळ मोटारसायकलच्या ट्रायल्समध्ये आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियात १९७० च्या दशकात पेरे पी या मोटारसायकलस्वाराने, आपला मुलगा ओट पी याला ते तंत्र लहानपणापासून शिकता यावे म्हणून, त्याच धर्तीची सायकल तयार केली. पुढे ओट पी सायकल ट्रायल्सचा जगज्जेता झाला आणि पेरे पी यांनी १९८३ मध्ये माँटी ही ट्रायल्स सायकलींची कंपनी काढली. आज या खेळाला दोन मुख्य शाखा आहेत. एक स्पर्धेची, जिच्या जागतिक स्पर्धा यूसीआय ही आंतरराष्ट्रीय सायकल संघटना २० इंची आणि २६ इंची अशा दोन गटांत घेते. दुसरी स्ट्रीट ट्रायल्सची, जिच्यात शहरातल्या भिंती, कठडे आणि पायऱ्या हेच मैदान असते. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकास्किलची एडिंबरामध्ये चित्रित झालेली ध्वनिचित्रफीत २००९ मध्ये जगभर पाहिली गेली आणि या शाखेकडे असंख्य लोकांचे लक्ष गेले. कोणत्याही शाखेत जायचे असले, तरी सुरुवातीचे धडे सारखेच आहेत.

सायकल कशी असावी

स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलला सीट नसते, कारण सगळे काम उभ्यानेच चालते आणि सीट असली की मागे झुकताना ती मांड्यांना आणि पोटाला आडवी येते. गिअर बदलण्याची सोय नसते. एकच हलका गिअर असतो. २० इंची सायकलला पुढे १८ दात आणि मागे १२ दात, तर २६ इंची सायकलला पुढे २२ आणि मागे १८ दात ही सर्रास दिसणारी जोडी आहे. गणित केले तर पेडलच्या एका पूर्ण फेरीत पहिली सुमारे २.४ मीटर आणि दुसरी सुमारे २.५ मीटर पुढे जाते, म्हणजे चाके लहानमोठी असली तरी पायाला लागणारा जोर जवळपास सारखाच राहतो. २० इंची सायकल आटोपशीर असते आणि उड्यांमध्ये चपळ वळते. २६ इंची सायकल दगडांवरून सहज लोळत जाते आणि माउंटन बाइक चालवलेल्या माणसाला ती लवकर आपलीशी वाटते. स्ट्रीट ट्रायल्ससाठी २४ इंची सायकलही लोकप्रिय आहे आणि तिला बहुधा छोटी सीट असते. प्रौढ नवशिक्याने शक्य झाल्यास दोन्ही आकारांवर थोडा वेळ उभे राहून पाहावे आणि जिच्यावर पाठ अवघडत नाही ती निवडावी.

फ्रीव्हीलचा, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या यंत्रणेचा, मुद्दा मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. साध्या सायकलचे फ्रीव्हील एका फेरीत साधारण १६ ते २० ठिकाणी पकडते, म्हणजे पेडलवर जोर दिल्यानंतर चाक फिरू लागण्याआधी क्रँक (पेडलचा दांडा) सुमारे २० अंशांपर्यंत रिकामा फिरू शकतो. ट्रायल्समध्ये संपूर्ण जोर एक चतुर्थांश फेरीत द्यायचा असतो, त्यामुळे एवढी पोकळी परवडत नाही. म्हणून या सायकलींवर ७२ किंवा १०८ ठिकाणी पकडणारे फ्रीव्हील वापरतात. ७२ म्हणजे फक्त ५ अंशांची पोकळी. अनेक सायकलींवर हे फ्रीव्हील मागच्या चाकाऐवजी पुढे, क्रँकवर बसवलेले असते. अशा सायकलवर पाय स्थिर असतानाही चाकाबरोबर चेन फिरत राहते, तेव्हा सायकल चालत असताना चेनजवळ बोटे आणि सैल पँट येऊ देऊ नये.

जुनी ट्रायल्स सायकल घेत असाल तर फ्रेमला तडे आहेत का ते उजेडात पाहावे, विशेषतः पुढच्या नळीच्या जोडापाशी, क्रँकच्या बेअरिंगभोवती आणि मागच्या ब्रेकच्या बैठकीजवळ. या फ्रेम ॲल्युमिनियमच्या आणि हलक्या असतात आणि आयुष्यभर मार खातात. खालच्या बाजूच्या संरक्षक पट्टीवर ओरखडे असणे स्वाभाविक आहे. तडा असेल तर मात्र ती सायकल घेऊ नये. आणि खास सायकल मिळेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. चांगले ब्रेक असलेली, अंगाला थोडी लहान पडणारी माउंटन बाइक, सीट पूर्ण खाली करून आणि हलका गिअर लावून, पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या धड्यांना पुरते.

अंगावर काय घालावे, सराव कुठे करावा

हेल्मेट सरावाच्या प्रत्येक मिनिटाला डोक्यावर हवे, उभ्या जागी तोल सांभाळत असतानाही. त्याखालोखाल गरज नडगीच्या संरक्षणाची. ट्रायल्सच्या पेडलना पाय घसरू नये म्हणून टोकदार दाते असतात आणि पाय सुटला की ते सरळ नडगीवर येतात. शिन गार्ड नसतील तर पहिल्याच आठवड्यात हे कळते. बूट सपाट तळव्याचे आणि रबराची चांगली पकड असलेले असावेत, फार मऊ नसावेत. हातमोजे पूर्ण बोटांचे आणि पातळ घ्यावेत, कारण जाड मोज्यांतून ब्रेकचा अंदाज येत नाही.

जागा सपाट, कोरडी आणि वर्दळीपासून दूर असावी. तोल आणि लहान उड्यांसाठी आखूड गवत उत्तम, कारण पडल्यावर लागत नाही आणि टायर थोडा रुतल्यामुळे सायकल कमी घरंगळते; पेडल किकसाठी, म्हणजे पेडलला झटका देऊन पुढे मारायच्या उडीसाठी, मात्र कडक जमीन हवी. मोकळी खडी टाळावी.

पहिले काम: हवा आणि ब्रेक

सायकलवर चढण्याआधी अर्धा तास मांडणीला द्यावा. ट्रायल्समध्ये टायर हाच सस्पेन्शन असतो आणि पकडही तोच देतो, म्हणून हवा कमी ठेवतात. रुंद मागच्या टायरमध्ये सुमारे १५ ते २० पीएसआय आणि पुढच्यात २५ ते ३० पीएसआय येथून सुरुवात करावी आणि आपल्या वजनानुसार बदलत जावे. पायरीच्या कडेवर मागचे चाक आपटल्यावर रिम कडेला लागल्याचा धातूचा आवाज आला तर हवा वाढवावी. चाक चेंडूसारखे उसळून बाजूला गेले तर कमी करावी.

ब्रेक फक्त तर्जनीने ओढायचा असतो आणि उरलेली तीन बोटे हँडलवरच राहतात. त्यासाठी लिव्हर ग्रिपपासून आत सरकवून बसवावा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या अगदी टोकाला पडते आणि कमी जोरात जास्त पकड मिळते. मग पेडलवर उभे राहून कंबर मागे न्यावी आणि त्या स्थितीत मनगट न वळवता बोट लिव्हरवर टेकते का ते पाहून त्याचा कोन ठरवावा. आता सायकलच्या बाजूला उभे राहून मागचा ब्रेक एका बोटाने धरावा आणि सायकल जोराने पुढे ढकलावी, मग मागे ओढावी. दोन्ही दिशांना चाक तसूभरही फिरता कामा नये. वाकलाच तर टायर वाकावा. पुढच्या दिशेला पकडणारे पण मागे ओढल्यावर घसरणारे ब्रेक सर्वसाधारण सायकलला चालून जातात. ट्रायल्समध्ये मात्र मागच्या चाकावर उभा असलेला स्वार अशा ब्रेकमुळे तोल जाऊन पडतो. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर जुने स्वार रिमचा पृष्ठभाग ग्राइंडरने खरबरीत करून घेतात, ते याच पकडीसाठी. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला तेलाचा किंवा बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये.

दुसरे काम: जागच्या जागी उभे राहणे

कोणता पाय पुढे ठेवायचा हे आधी शोधावे. हलक्या उतारावर पेडल न मारता, दोन्ही क्रँक आडवे ठेवून उभ्याने सायकल सोडावी. न ठरवता जो पाय पुढे जातो तो तुमचा पुढचा पाय. तो उजवाच असला पाहिजे असे नाही, आणि लिहिण्याच्या हाताशी त्याचा संबंध असतोच असेही नाही. पुढची सगळी तंत्रे याच पायावर उभी राहतात, म्हणून एकदा ठरल्यावर तो बदलू नये.

ट्रॅकस्टँडची, म्हणजे पाय न टेकता जागच्या जागी उभे राहण्याची, सुरुवात अगदी हलक्या चढावर तोंड करून करावी. अतिशय हळू पुढे येत थांबावे, हँडल पुढच्या पायाच्या बाजूला थोडे वळवावे, क्रँक आडवे आणि गुडघे किंचित वाकलेले असावेत. पुढच्या पायाने पेडलवर हलका दाब दिला की सायकल इंचभर पुढे जाते, दाब सोडला की चढामुळे इंचभर मागे येते. चाक वळलेले असल्यामुळे या पुढेमागे होण्यानेच सायकल डावीउजवीकडे सरकून पुन्हा तुमच्या खाली येते. नजर दोन-तीन मीटर पुढच्या जमिनीवर, एखाद्या खुणेवर स्थिर ठेवावी. चाकाकडे पाहिले की खांदे झुकतात आणि तोल जातो. हातांनी हँडल घट्ट आवळणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, कारण मग वरच्या अंगाची प्रत्येक थरथर सरळ पुढच्या चाकात उतरते.

असे अर्धा मिनिट शांतपणे उभे राहता येऊ लागले की ट्रायल्सचा खरा ट्रॅकस्टँड घ्यावा, ज्यात दोन्ही ब्रेक पूर्ण धरलेले असतात. आता सायकल पुढेमागे होत नाही, त्यामुळे तोल दुरुस्त करायला फक्त शरीर उरते. कंबर एका बाजूला जाते, त्या बाजूचा गुडघा बाहेर पडतो आणि हँडल उलट दिशेला किंचित ढकलले जाते. हे सुरुवातीला अशक्य वाटते. पाच सेकंद, मग दहा सेकंद असे वाढत जाते आणि अचानक एके दिवशी शरीराला उमगते की सायकल स्थिर ठेवून अंग तिच्यावर हलवायचे आहे. सपाट जमिनीवर हे जमले की हलक्या उतारावर, मग एका रुंद फळीवर करावे. फळीची उंची ५ सेंटिमीटर असली तरी पुरते. कड दिसली की मन बिथरते आणि त्या बिथरण्याची सवय होणे हाच या धड्याचा हेतू आहे.

तिसरे काम: एकेक चाक उचलून सरकवणे

ब्रेक धरून उभे असताना तोल फार गेला तर शरीर पुरत नाही. तेव्हा चाक उचलून पुन्हा आपल्या खाली आणावे लागते. मागचा ब्रेक धरून, गुडघे आणि कोपर वाकवून, हँडल हलकेच दाबावे आणि लगेच अंग वर नेत पुढचे चाक उचलून हातभर बाजूला ठेवावे. मग पुढचा ब्रेक धरून, वजन हँडलवर नेऊन, पाय आखडून घेत मागचे चाक बाजूला न्यावे. येथे पेडल पायाला चिकटलेले नसते, त्यामुळे पायाची बोटे खाली करून तळव्याने पेडल मागच्या बाजूस दाबून धरल्याशिवाय मागचे चाक वर येत नाही. ही पायाची पकड आत्मसात झाली की पुढे बनी हॉपला, म्हणजे दोन्ही चाके उचलून मारायच्या उडीलाही, उपयोगी पडते.

खडूने २ मीटर बाय २ मीटर चौकोन आखावा आणि त्याच्या आत राहून, पाय न टेकता, चाके आळीपाळीने सरकवत पूर्ण गोल फिरावे. आधी एका दिशेने, मग दुसऱ्या. नंतर दोन्ही ब्रेक धरून दोन्ही चाकांवर एकदम लहान उड्या माराव्यात. उडीचा जोर गुडघ्यांतून यावा. हातांनी सायकल ओढली तर ती तिरकी पडते. या एका चौकोनात महिनाभर घालवला तरी तो वेळ वाया जात नाही, कारण अवघड दगडावर चुकीच्या जागी उतरलेला स्वार स्वतःला वाचवतो तो याच हालचालींनी.

चौथे काम: मागच्या चाकावर उभे राहणे

सगळ्यात आधी पडायला शिकावे. गवतावर मागचे चाक ब्रेकने धरून पुढचे चाक मुद्दाम गरजेपेक्षा जास्त वर उचलावे आणि तोल मागे जाऊ लागताच दोन्ही पाय पेडलवरून काढून सायकलच्या मागे जमिनीवर उतरावे. हँडल हातातच ठेवावे. सीट नसल्यामुळे हे सोपे जाते. ही सुटका इतकी अंगवळणी पडावी की तिच्यासाठी विचार करावा लागू नये. पाठीवर पडण्याची भीती शिल्लक असेपर्यंत कोणीही पुरेसे मागे झुकत नाही, आणि पुरेसे मागे न झुकणारा माणूस मागच्या चाकावर कधीच उभा राहत नाही.

आता मूळ हालचाल. ट्रॅकस्टँडमध्ये उभे राहावे, पुढचे पेडल आडव्या रेषेपेक्षा किंचित वर असावे. कोपर वाकवून छाती हँडलजवळ आणावी, पुढचा टायर जरा दबेल इतके वजन द्यावे आणि मागचा ब्रेक सोडताना एकाच लयीत तीन गोष्टी कराव्यात: कंबर मागे आणि वर न्यावी, हात सरळ करावेत, पेडलला पाव फेरीचा ठोस जोर द्यावा. पुढचे चाक वर येते. ते तोलाच्या बिंदूपाशी पोहोचले की मागचा ब्रेक पूर्ण धरावा आणि क्षणही न दवडता पहिली उडी मारावी. मागच्या चाकावर निश्चल उभे राहणे फार थोड्यांना जमते. बाकीचे सगळे लहान लहान उड्या मारत तोल टिकवतात.

या स्थितीत हात सरळ असावेत, पाठ ताठ, गुडघे थोडे वाकलेले आणि खांदे मागच्या चाकाच्या एक्सलच्या (आसाच्या) जवळपास वर. तोल पुढे जात असेल तर पुढच्या उडीत कंबर मागे न्यावी. मागे जात असेल तर उडी मारताना चाक किंचित मागे ठेवावे. बाजूला कललात तर हँडल कललेल्या बाजूला फिरवून चाकही त्या बाजूला न्यावे. कोपर वाकले की समजावे, आपण हातांनी लटकत आहोत आणि दोन-तीन उड्यांत खाली येणार आहोत. दोन उड्या, मग तीन, मग पाच अशी संख्या वाढू द्यावी. सलग दहा शांत उड्या एकाच जागी मारता येईपर्यंत पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

पाचवे काम: पेडल किक

पेडल किक म्हणजे मागच्या चाकावर उभे असताना, ब्रेक सोडून आणि पेडलला झटका देऊन पुढे मारलेली उडी. एका दगडावरून दुसऱ्यावर जाणे, खड्डा ओलांडणे, उंचीवर चढणे आणि उतरणे या सगळ्यांच्या मुळाशी हीच हालचाल आहे, त्यामुळे तिची घडण पहिल्यापासून शुद्ध असावी.

क्रम असा: मागच्या चाकावर दोन-तीन उड्या मारून स्थिर व्हावे. मग गुडघे वाकवून पुढचे चाक थोडे खाली, म्हणजे पुढे, पडू द्यावे. तोल पुढे गेल्याची जाणीव होताच ब्रेक सोडणे, पेडलला जोर देणे आणि पाय सरळ करून वर उठणे हे एकदम घडावे. पेडलच्या झटक्याने पुढचे चाक पुन्हा वर येते, मागचे चाक जमीन सोडते, आणि ते जमिनीला टेकण्याआधीच ब्रेक पुन्हा पूर्ण धरलेला असावा. नवशिक्याचा ब्रेक उशिरा लागतो. मग उतरताच सायकल पुढे पळते आणि स्वार मागे राहतो. दुसरा दोष तोल पुढे जाण्याआधीच पेडल मारण्याचा. तेव्हा सायकल वर उभी राहते आणि पाठीमागे पडते. दोन्ही दोषांवर उपाय एकच: खडूच्या दोन रेषा २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर आखाव्यात आणि फक्त तेवढीच किक, हव्या त्या रेषेवर टायर उतरवून, पुन्हा पुन्हा मारावी. अंतर वाढवण्याचा मोह येथे फार होतो, पण मीटरभर लांब आणि बेभरवशाच्या किकपेक्षा वीतभर लांब आणि दर वेळी सारखी पडणारी किक अधिक मोलाची आहे.

सरावाआधी चेन तपासणे या टप्प्यापासून सक्तीचे समजावे. किकमध्ये शरीराचा सगळा जोर एका पेडलवर येतो. त्या क्षणी चेन तुटली तर पाय रिकामा खाली जातो आणि तोंड हँडलवर किंवा समोरच्या दगडावर आपटते. या खेळातल्या वाईट अपघातांचे हे एक ठळक कारण आहे. चेन हाताने एकेक कडी फिरवून पाहावी, अडकणारी कडी, वाकलेली पट्टी किंवा बाहेर आलेली पिन दिसली तर ती सायकल त्या दिवशी बाजूला ठेवावी. चेन सैल असेल तर दातांवरून उडते आणि परिणाम तोच होतो.

सहावे काम: चढणे आणि उतरणे

उंचीचा सराव करण्यासाठी लाकडी पॅलेटइतके सोयीचे साधन नाही. प्रमाणित युरो पॅलेट ८०० बाय १२०० मिलिमीटर आकाराचे आणि १४४ मिलिमीटर उंच असते, म्हणजे एकावर एक ठेवत गेल्यास उंची समान टप्प्यांनी वाढते आणि प्रगती नेमकी मोजता येते. वरच्या फळ्यांच्या फटीत चाक अडकू नये म्हणून एक प्लायवूडचा तुकडा खिळ्यांनी पक्का बसवावा आणि एकाहून अधिक पॅलेट असतील तर ती पट्ट्यांनी बांधून टाकावीत. तुटकी फळी किंवा वर आलेला खिळा असलेले पॅलेट वापरू नये.

चढण्याची पहिली पद्धत दोन टप्प्यांची आहे. हळू येत, पेडलचा पाव झटका देत पुढचे चाक पॅलेटवर ठेवावे आणि तेथेच दोन्ही ब्रेक धरून तोल सावरावा. मग वजन पुढे नेऊन, पायांनी पेडल मागे दाबत, मागचे चाक वर आणावे. ही पद्धत फळीवर, मग फुटपाथच्या कडेवर, मग एका पॅलेटवर करावी. दुसऱ्या पद्धतीत स्वार आधी मागच्या चाकावर उभा राहतो आणि पेडल किकने थेट मागचे चाकच वर उतरवतो. येथे किक पुढे जाण्याऐवजी वर जावी लागते, म्हणून गुडघे अधिक वाकवून सुरुवात करावी आणि हवेत असताना पाय पोटाकडे आखडून घ्यावेत. मागचे चाक कडेवर टेकले आणि ब्रेक धरलेला असला की टायर कडेला धरून ठेवतो. पहिली पद्धत पक्की होण्याआधी दुसरीकडे वळू नये.

उतरताना पुढचे चाक आधी खाली सोडणे धोक्याचे आहे, कारण या सायकलींच्या पुढच्या फोर्कला बहुधा सस्पेन्शन नसते आणि वजन पुढे गेलेला स्वार हँडलवरून पलीकडे जातो. कडेपाशी मागच्या चाकावर उभे राहावे, लहान किकने कडेपुढे यावे आणि मागचे चाक आधी टेकेल असे उतरावे. टेकताना गुडघे खोल वाकवून धक्का पायांत घ्यावा आणि मग पुढचे चाक सावकाश खाली ठेवावे. पाठीने धक्का घेतला तर कंबर काही आठवड्यांतच तक्रार करू लागते. दोन पॅलेटांपेक्षा उंच उडी पहिल्या काही महिन्यांत घेण्याची गरज नाही.

साइड हॉप, म्हणजे अडथळ्याच्या बाजूला उभे राहून आडवी मारलेली उडी, यानंतर शिकावी. ती मागच्या चाकावरूनच मारली जाते आणि अंग आधी अडथळ्याच्या दिशेने झुकू देणे हे तिचे रहस्य आहे. प्रत्येकाला एक बाजू सोपी जाते. आधी तीच पक्की करावी.

सरावाची आखणी आणि देखभाल

एका वेळी ४५ मिनिटांपेक्षा जास्त जोराचा सराव नवशिक्याने करू नये. ट्रायल्समध्ये दम लागण्याआधी बोटे आणि मनगटे थकतात, आणि थकलेले बोट ब्रेक उशिरा धरते. सुरुवातीची दहा मिनिटे ट्रॅकस्टँड आणि चौकोनातल्या हालचाली, मध्ये त्या काळात शिकत असलेले एकच नवे तंत्र, आणि शेवटी पुन्हा सोपे काम, अशी घडी ठेवावी. शक्य असेल तर मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करावे; कोपर वाकले होते की सरळ, ब्रेक केव्हा लागला, हे स्वतःला कळत नाही पण पडद्यावर लगेच दिसते.

दर सरावाआधी चेनबरोबरच स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) आणि हँडलचे बोल्ट, क्रँकचे बोल्ट आणि मागच्या चाकाचे नट पाहावेत. हँडल स्टेममध्ये जेथे आवळलेले असते तेथे बारीक चीर पडू शकते, म्हणून अधूनमधून ते मोकळे करून पुसून पाहावे. पावसात भिजल्यावर रिम ब्रेकची पकड कमी होते. तशा दिवशी उंचीवर जाऊ नये.

सार्वजनिक जागेत सराव करत असाल तर टायरचे काळे डाग पडतील अशा बाकांवर आणि रंगवलेल्या भिंतींवर चढू नये, लोक येत असतील तर थांबावे. निसर्गात शेवाळ आणि रोपे असलेले दगड सोडून द्यावेत. चार स्वारांच्या बेपर्वाईमुळे सगळ्यांची जागा बंद होते.

पहिला सेक्शन

वर सांगितलेली तंत्रे कच्चीपक्की आली की स्वतःसाठी सेक्शन आखावा. फीत किंवा खडूने वाटेच्या दोन्ही कडा, आरंभ आणि शेवट ठरवावा आणि मध्ये तीन-चार अडथळे ठेवावेत, प्रत्येक अडथळा सुटा घेतला तर सहज जमेल इतका सोपा. सगळे सलग करताना अवघडपणा आपोआप येतो. यूसीआयच्या सध्याच्या पद्धतीत एका सेक्शनसाठी २ मिनिटे मिळतात, वाटेतली सहा फाटके, म्हणजे ज्यांच्यामधून सायकल न्यायची त्या खुणा, प्रत्येकी १० गुणांची असतात आणि पाचव्यांदा पाय टेकला की तो सेक्शन तेथेच संपतो. तोवर मिळवलेले गुण राहतात. घरच्या सरावात हेच नियम लावावेत आणि घड्याळही लावावे.

सेक्शन सुरू करण्याआधी तो पायी चालून पाहावा, हे स्पर्धेतही सगळे करतात. चालताना नुसते दगड पाहू नयेत. प्रत्येक अडथळ्याआधी मागचे चाक नेमके कोठे उभे राहणार, कोणत्या बाजूला तोंड असणार आणि तेथे एक श्वास घेण्याइतकी सपाट जागा आहे का, हे ठरवावे. अशा जागांवर बुटाचे टोक ठेवून पाहावे. दगड हलतो का, वर वाळू आहे का, हे तेव्हाच कळते. अवघड उडीपाशी एखाद्या सोबत्याला उभे करावे, म्हणजे सायकल मागे कोसळली तर ती धरायला कोणी असते. पहिल्या स्पर्धेत सगळ्यात सोप्या गटात नाव द्यावे, आणि आपल्या आधी जाणाऱ्या दोन-तीन स्वारांचे मागचे चाक कोठे टेकते तेवढेच पाहावे. त्यांनी निवडलेली जागा तुमच्या आखणीपेक्षा चांगली असेल, तर पाळी येण्याआधी पुन्हा एकदा सेक्शन चालून आखणी बदलावी.